एक वही, आठ महिने आणि एक खोटी टिक

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, '75 दिवस. एकही खाडा नाही.' खाली दोनदा रेघ ओढलीय आणि दुसऱ्या रेघेला कागद थोडा फाटलाय, एवढा तेव्हा जोर होता. मी मूळची आरंभशूर. नव्या वहीची पहिली चार पानं माझ्याइतकी देखणी कोणी लिहीत नसेल आणि पाचवं पान माझ्याइतकं कोरं कोणी सोडत नसेल. यावेळी मात्र त्याच वहीला आठ महिने झालेत, म्हणून अनुभव लिहायला बसले.

कल्पना उसनी. '75 हार्ड' नावाचं आव्हान अँडी फ्रिसेला या अमेरिकी उद्योजकाने 2019 मध्ये मांडलं. रोज 45 मिनिटांचे दोन व्यायाम, त्यातला एक घराबाहेर. आहार ठरवलेला, त्यात सूट नाही, दारू नाही. एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पाणी. माहितीपर पुस्तकाची 10 पानं. रोज स्वतःचा एक फोटो. यातलं काहीही एक दिवस राहिलं की मोजणी पुन्हा एकपासून.

हे जसंच्या तसं मी घेतलं नाही. रोज दीड तास व्यायाम मला झेपला नसता. पाण्याचा एकच आकडा प्रत्येकाच्या अंगाला कसा लागू होईल, हेही कळेना (थोड्या वेळात फार पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, ते जिवावर बेतू शकतं). मग सात नियम माझे मीच केले: पहाटे साडेपाचला उठणं, उठल्यावर अर्धा तास मोबाइलला हात न लावणं, अर्धा तास चालणं, 10 पानं वाचन, गोड बंद, रोजनिशी, रात्री 11 ला अंथरुणात. मूळ आव्हानातली शेवटची अट मात्र तशीच उचलली, कारण ती मला सगळ्यात रुबाबदार वाटली. चुकलं की पहिले पाढे पंचावन्न.

पहिल्या फेरीत सहाव्या दिवशी उठायला उशीर झाला. पुन्हा एक. दुसऱ्या फेरीत नवव्या दिवशी दुपारी गोडाचा एक तुकडा तोंडात टाकला आणि मग त्या दिवसाचं सगळंच सोडून दिलं. चालणं नाही, वाचन नाही, रात्री एकपर्यंत मोबाइल. एका तुकड्याचा आणि चालण्याचा काय संबंध? जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांनी डाएट करणाऱ्यांमध्ये हेच पाहिलं होतं: आजचा नेम मोडला असं वाटलं की माणसं आणखी जास्त खातात. 'आता गेलंच आहे, तर जाऊ दे.' हे वाक्य मी मनातल्या मनात शब्दशः म्हटलं होतं.

तिसरी फेरी छान चालली. आणि तेविसाव्या रात्री ती टिक आली.

पावणेअकरा वाजलेले. दहा पानं राहिलेली. पुस्तक हातात घेतलं, डोळे मिटत होते, आणि मी नोटा मोजाव्यात तशी दहा पानं उलटली. खूणचिठ्ठी पुढे सरकवली आणि वहीत टिक केली. अपराधी वाटेल असं आत्ता लिहिताना वाटतंय, पण तेव्हा चक्क हायसं वाटलं. 23 चे 24 होणार होते, एवढंच डोक्यात. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं तर कोणत्या मुद्द्यावर काय चाललंय, पत्ता नाही. मागे जाऊन वाचणं म्हणजे कालची टिक खोटी होती हे कबूल करणं. मी मागे गेले नाही. न वाचलेल्या दहा पानांवरून तशीच पुढे वाचत राहिले.

एकतिसाव्या दिवसापर्यंत आणखी तीन टिका अशाच. बारा मिनिटांचं चालणं 'अर्धा तास' झालं. दोन ओळींची रोजनिशी झाली, त्यात लिहिलं, 'आज छान वाटलं.' छान वाटलं नव्हतं.

मग थांबले. नियम कडक आहे म्हणून मी कडक होईन, असा माझा हिशेब होता. झालं उलटंच. जसजसा आकडा वाढला तसतशी चुकीची किंमत वाढत गेली. तिसऱ्या दिवशी खाडा झाला तर तीन दिवस जातात, तेविसाव्याला तेवीस. मी सवय जपायचं सोडून आकडा जपू लागले होते, आणि आकडा जपायला पुस्तक वाचावं लागत नाही, पेन पुरतं. ही पुनःप्रारंभाची अट काहींना खरंच धार देत असेल. माझ्याकडून तिने खोटं लिहून घेतलं, आणि तेही फक्त मीच वाचणार असलेल्या वहीत.

या मधल्या काळात थोडं वाचलं. 21 दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे ऐकू येतं, त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या निरीक्षणात सापडतं. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्याचं म्हणणं. 'किमान' हा शब्द वाटेत कुठेतरी गळला आणि चेहऱ्याच्या जागी जगातल्या सगळ्या सवयी आल्या. प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं. 96 जण, 12 आठवडे, प्रत्येकाने रोज एक नवी गोष्ट करायची. ती आपोआप होऊ लागायला लागणाऱ्या काळाचा मध्यांक निघाला 66 दिवस, पण माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत (मोठे आकडे अर्थातच आलेख पुढे वाढवून काढलेले, कारण अभ्यास 84 दिवसांचाच होता). माझ्यासाठी महत्त्वाची ओळ वेगळीच होती: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे ज्या खाड्याला घाबरून मी पानं उलटत होते, तो खाडा निरुपद्रवी होता.

त्यानंतर वही बदलली. म्हणजे वही तीच, मांडणी नवी. सातांतले चारच नियम ठेवले: मोबाइल, चालणं, वाचन, झोप. पहाटे साडेपाचचं खूळ पहिल्यांदा काढलं, ते नुसतं ऐकायला भारदस्त होतं. मोजणी बंद. प्रत्येक रकान्यात तीनपैकी एक खूण: पूर्ण झालं तर टिक, नाही झालं तर फुली आणि अगदी थोडं झालं तर ठिपका. ठिपक्याची किमान हद्द आधीच लिहून ठेवली, वाचनाला एक पान आणि चालण्याला पाच मिनिटं. एकच अट: एकाच रकान्यात सलग दोन फुल्या नकोत.

ठिपक्याने मला वाचवलं. थकलेल्या रात्री 'दहा पानं की खोटं' असा पेच उरला नाही, एक पान खरं वाचून झोपता आलं. शिवाय वेळेऐवजी कामाला काम जोडलं: जेवण झालं की चपला, चालून आलं की पुस्तक. पीटर गोलविट्झर हे मानसशास्त्रज्ञ 'अमुक झालं की तमुक करीन' अशा ठरावावर लिहितात, तोच प्रकार. घड्याळाशी माझं कधी जमलं नाही, पण जेवण मी विसरत नाही.

आता नव्या मांडणीच्या 195 दिवसांचा हिशेब, ठिपके धरून. चालणं 171. वाचन 158. सकाळी मोबाइल नाही, 119. रात्री 11 ला झोप, 62. शेवटचा आकडा लाजिरवाणा आहे, पण खरा आहे. चालणं आता विचार न करता होतं, एखाद्या दिवशी राहिलं तर पायच कुरकुरतात. वाचनाला अजून स्वतःला ढकलावं लागतं.

कोणी विचारलंच तर सांगेन, ज्याला स्पर्धेतून जोर येतो आणि ज्याचे दिवस सारखे असतात त्याने कडक अट घेऊन बघावी. घरात आजारी माणूस असेल, पाळ्यांची नोकरी असेल, किंवा आधीच स्वतःला टोचून बोलायची सवय असेल, तर नको. खाण्याशी ज्यांचा पूर्वी झगडा झालाय त्यांनी तर 'गोड बंद' सारखे नियम अजिबात लावून घेऊ नयेत.

झोपेच्या रकान्यात सलग दोन फुल्यांची अट इतक्यांदा मोडलीय की तो नियमच चुकीच्या जागी लावलाय, असं मला वाटू लागलंय. 11 ला झोप लागणं माझ्या हातात नाही. त्यामुळे पुढच्या महिन्यापासून त्या रकान्याचं नाव बदलतेय: 'साडेदहाला चार्जर दुसऱ्या खोलीत.'