डेंड्रोबियम लिंडलेयीचा फळीसंच: रोपाला पैकीच्या पैकी, माहितीपत्रकाला शून्य

डेंड्रोबियम लिंडलेयी हे ऑर्किड फळीवर बांधून वाढवायचा हा संच ऑनलाइन नर्सऱ्यांत हल्ली सर्रास मिळतो. खोक्यात सात-आठ बल्बांचं (पाणी साठवणाऱ्या फुगीर खोडांचं) रोप, वीतभर लाकडी फळी, स्फॅग्नम मॉस म्हणजे ओल धरणारं शेवाळ, सुती दोरा, १९:१९:१९ खताची (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) पुडी आणि एक माहितीपत्रक. रोप उत्तम निघालं. कागदावर लिहिल्याप्रमाणे वागलात तर मात्र ते जगेल कदाचित, फुलणार नाही.

मुळात ही ईशान्य भारत, भूतान, म्यानमारपासून दक्षिण चीनपर्यंतच्या रानांत झाडांच्या खोडांवर वाढणारी जात. तिथं पावसाळा धो धो आणि हिवाळा कोरडा, गार. पत्रक म्हणतं, ‘वर्षभर रोज पाणी फवारा.’ इथंच सगळं बिनसतं. नोव्हेंबरपासून खत पूर्ण बंद आणि पाणी जवळजवळ बंद ठेवायचं. बल्बांना सुरकुत्या पडतात, त्या पडू द्याव्यात. फारच आक्रसले तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा सकाळी हलका फवारा पुरतो. कळ्यांचे दांडे नीट लांबले की मगच पाणी वाढवायचं. मार्च ते मेच्या दरम्यान सोनेरी फुलांचे झुलते घोस येतात, गळ्याशी गडद नारिंगी, मधासारखा वास. पुण्या-नाशिकच्या थंडीत हे सहज जमतं. मुंबईत रात्री तितक्या गार होत नाहीत, त्यामुळे तिथं फुलं कमी धरावीत.

फळी सागाची, न रंगवलेली, त्याबद्दल शाबासकी. मॉस मात्र गरजेच्या तिप्पट दिलंय. सगळं मुळांखाली कोंबलं तर कोकणातल्या जुलैत मुळं कुजलीच म्हणून समजा. चिमूटभर, तेही मुळांच्या कडेनं. बल्बांच्या बुडाशी अजिबात नको. सुती दोरा मुळं धरायच्या आतच कुजतो, त्याऐवजी मासेमारीची नायलॉन तंगूस वापरा. रोप हललं की मुळांची कोवळी टोकं घासून मरतात, म्हणून बांधणी घट्ट हवी. दोरा बल्बांत रुतता कामा नये एवढं पाहा.

खताची मात्रा लिटरला २ ग्रॅम लिहिलीय. ती कुंडीतल्या झाडांना ठीक. फळीवरच्या उघड्या मुळांची टोकं तेवढ्यानं करपतात. अर्धा ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी, तेही नवे कोंब वाढत असताना, म्हणजे साधारण मे ते सप्टेंबर. आधी मुळं साध्या पाण्यानं भिजवून घ्या. कुजीवर उपाय म्हणून पत्रकात कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक सुचवलंय, ते तर नकोच. तांबं डेंड्रोबियमला सोसत नाही. कुजलेला भाग निर्जंतुक केलेल्या ब्लेडनं कापा, रोप काही दिवस कोरडं ठेवा, वारा खेळता राहू द्या.

उजेडाबद्दल पत्रकात एक ओळही नाही. पूर्वेची गॅलरी किंवा ५० टक्क्यांची शेडनेट योग्य. पानं काळपट हिरवी दिसू लागली तर उजेड कमी पडतोय; कोरडे, फिकट तपकिरी चट्टे म्हणजे ऊन लागलं. पावसाळ्यात गोगलगायी मुळांची हिरवी टोकं खातात, त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात. फुलून गेलेले बल्ब वाळलेले वाटले तरी कापू नका, ते पुन्हा फुलू शकतात.

मागवण्यापूर्वी मुळांचा आणि बल्बांचा फोटो मागा. मुळांना सालीचे तुकडे, दगडफूल चिकटलेलं असेल आणि मुळं ओरबाडल्यासारखी तुटलेली असतील तर रोप रानातून काढलेलं असण्याची शक्यता दाट. असं रोप घेऊ नये. ते तग धरत नाही हा व्यवहार झाला, रान ओरबाडलं जातं ते वेगळंच. आमच्या संचातल्या मुळांना नारळाचा काथ्या चिकटलेला होता आणि बल्ब एकसारख्या वाढीचे होते, म्हणजे नर्सरीतच वाढलेलं. दुसरी गफलत नावाची. लिंडलेयीच्या नावाखाली डेंड्रोबियम जेनकिन्सी ही दिसायला सारखी दुसरी जात खपवली जाते. तिचे बल्ब आणि पानं बरीच लहान आणि दांड्यावर फुलं एक ते तीनच. लिंडलेयीच्या घोसात पाच ते पंधरा. जेनकिन्सीही देखणी आहे, पण घोसाच्या आशेनं घेऊ नका.

ऑर्डर फेब्रुवारी ते मे या काळातच द्या. नोव्हेंबरात बांधलेलं रोप नवी मुळं फुटेपर्यंत चार-पाच महिने फळीवर नुसतं लटकत राहतं.