छोट्या विमानाने परदेश फिरायचाय: इथूनच न्यायचं की तिकडे भाड्याने घ्यायचं?

ठाणे-नवी मुंबईत पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचं लायसन्स, काढलेली मंडळी आता बऱ्यापैकी आहेत आणि पावसाळा संपून आकाश मोकळं झालं की हा विषय हमखास निघतोच, की परदेशात छोट्या विमानाने फिरायचं तर आपली सेसना, म्हणजे ते एका इंजिनाचं छोटं विमान, इथूनच काढायची, का नेहमीसारखं तिकीट काढून जायचं आणि तिकडच्या फ्लाइंग क्लबमधून विमान भाड्याने घ्यायचं. माझं मत आधीच सांगून टाकते, पहिल्यांदाच जाताय तर तिकडे जाऊनच घ्या. इथून न्यायचंच असेल तर फक्त श्रीलंका, आणि तेही इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना फक्त यंत्रं बघून उडवायची पात्रता, असेल तरच.

आधी नकाशा उघडून बघा म्हणजे अर्धं उत्तर तिथेच मिळतं. सेसना १७२ मधे वापरता येणारं इंधन साधारण २०० लिटर, तासाला ३०-३५ लिटर जातं, वेग ताशी २०० ते २२० किमी, म्हणजे राखीव साठा धरून हजार-अकराशे किमी झाले की उतरायलाच हवं. मुंबई ते मस्कत सरळ समुद्रावरून दीड हजार किमीच्या वर आहे, त्यामुळे ते गेलंच. किनाऱ्या-किनाऱ्याने जावं तर मधे पाकिस्तान, आणि त्यांची हद्द आपल्या विमानांना एप्रिल २०२५ मधे बंद झाली. काठमांडू १३३८ मीटरवर आणि चहूबाजूंनी डोंगर, कमी ताकदीच्या इंजिनाने तिथे पहिल्याच खेपेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

राहिलं श्रीलंका. तिरुचिरापल्ली ते जाफना दोनशे किमीसुद्धा नाही, तासाभराचं काम, आणि खाली ते उथळ हिरवं पाणी. पण जुहू ते तिरुचीच अकराशे किमी आहे, मधे एक थांबा घ्यावाच लागतो, आणि आपल्याकडे व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघून केलेलं उड्डाण, सूर्योदय ते सूर्यास्त एवढंच चालतं, म्हणजे घोडबंदर रोडवरून पहाटे निघून जुहूला पोचलात तरी पहिला अख्खा दिवस देशातच जातो. उलव्याला नवा विमानतळ झालाय तर तिथून काढू असं बरेच जण म्हणतात, पण मोठ्या विमानतळावर स्लॉट (उडायची-उतरायची ठरवून दिलेली वेळ), हँडलिंग (जमिनीवरची सेवा), पार्किंग सगळं मोठ्या विमानांच्या हिशोबाने चालतं, ठाण्याहून जवळ आहे म्हणून सोपं होत नाही.

कागदपत्रांत तर दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथून नेलंत तर विमानाची नोंदणी, एअरवर्दीनेस सर्टिफिकेट, रेडिओ लायसन्स, जर्नी लॉगबुक, तुमचं लायसन्स, प्रवाशांची यादी हे सगळं विमानात बरोबर हवं, शिकागो करार म्हणून विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचं कलम २९ आहे ते. शिवाय फ्लाइट प्लॅन, एडीसी (हवाई संरक्षणाची मंजुरी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे नंबर, समोरच्या देशाची परवानगी, जनरल डिक्लेरेशन, म्हणजे विमान आणि त्यातल्या माणसांचं घोषणापत्र, त्याच्या प्रती, आणि देश सोडायचा तो इमिग्रेशन-कस्टम्स असलेल्या विमानतळावरूनच, जुहूवरून थेट नाही. विम्याची पॉलिसी त्या देशात लागू आहे का हे लेखी घ्या, बऱ्याच पॉलिसी भारतापुरत्याच असतात. एक कागद अडला की सगळं अडतं आणि हॉटेलांचं बुकिंग तिकडे वाया जातं.

तिकडे भाड्याने घ्यायचं तर कागद थोडे, पण आधीपासून लागावं लागतं. भारतीय लायसन्सवर व्हीटी नोंदणीचं, म्हणजे भारतात नोंदलेलं, विमान कुठेही उडवता येतं, दुसऱ्या देशाच्या नोंदणीचं मात्र त्यांची मान्यता घेतल्याशिवाय नाही. अमेरिकेत आपल्या लायसन्सच्या आधारावर त्यांचं प्रायव्हेट सर्टिफिकेट मिळतं, त्यांची विमान वाहतूक यंत्रणा एफएए आपल्या डीजीसीएकडून लायसन्सची पडताळणी करून घेते, मग तिथल्या इन्स्ट्रक्टरबरोबर फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे उजळणीचं उड्डाण. इतर देशांतही व्हॅलिडेशन (लायसन्सला मान्यता) आणि चेक फ्लाइट असतेच, आणि ती चेक फ्लाइट टाळायची गोष्ट नाही, उलट त्या तासाभरात तिथला रेडिओ, तिथले वारे आणि तिथल्या लोकांची बोलायची पद्धत जेवढी कळते तेवढी पुस्तकातून कळत नाही.

इंधनाचं बघा. आपल्याकडे अ‍ॅव्हगॅस १००एलएल, म्हणजे या छोट्या विमानांचं पेट्रोल, मोजक्याच ठिकाणी मिळतं. इंडियन ऑइलने २०२२ मधे वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली, त्याआधी सगळं आयातच होतं. अजूनही वाटेतल्या थांब्यावर मिळेल का हे आधी विचारून ठेवावं लागतं, नाहीतर बॅरल पोचवायची व्यवस्था करा. आणि बॅरलचं असेल तर टाकीखालचा ड्रेन उघडून कपात नमुना घ्याल तेव्हा घाई करू नका, कप उजेडाकडे धरायचा, रंग फिकट निळा हवा आणि तळाला पाण्याचे गोल थेंब दिसले की परत काढायचं, पुन्हा बघायचं, थेंब संपेपर्यंत. अमेरिकेत सार्वजनिक वापराची पाच हजारांच्या आसपास विमानतळं आहेत, बऱ्याच ठिकाणी कार्ड लावून पंपावर स्वतः भरता येतं, ही चिंताच राहत नाही.

बिघाडाचंही तसंच. १९३० मधे भारत-इंग्लंड अंतर एकट्याने उडण्याच्या आगाखान बक्षिसासाठी जेआरडी टाटा इंग्लंडकडे निघाले होते आणि दुसरा स्पर्धक अस्पी इंजिनियर तिकडून इकडे येत होता, तो इजिप्तमधे अबुकीरला स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता, जेआरडींनी आपल्याजवळचा दिला आणि शर्यत अस्पीने जिंकली. आजही व्हीटी विमान जाफन्यात बंद पडलं तर सुटा भाग आणि सही करायला अधिकृत इंजिनियर दोन्ही शोधावे लागतात. भाड्याचं विमान बिघडलं तर ती क्लबची जबाबदारी.

मग इथून नेण्यात फायदा काहीच नाही का? आहे, आणि तो खरा आहे. आपल्या हाताचं विमान, त्याचा प्रत्येक आवाज ओळखीचा, आणि आपल्या धावपट्टीवरून उडून दुसऱ्या देशात उतरण्याचा आनंद भाड्याच्या विमानात मिळत नाही. २०१९ मधे आपल्या मुंबईच्या आरोही पंडितने लाइट स्पोर्ट, म्हणजे सेसनाहूनही हलक्या, विमानात एकटीने अटलांटिक ओलांडला, स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडा. ज्यांना तोच ध्यास आहे त्यांना मी नाही म्हणणार नाही, फक्त तिच्यामागे तयारी करून देणारी टीम होती हे विसरू नका.

घरच्यांना नेणार असाल तर वजनाचं गणित दोन्हीकडे सारखंच. टाकी फुल्ल केली की १७२ मधे माणसं आणि सामान मिळून अडीचशे किलोच्या आसपास उरतं, म्हणजे तीन मोठी माणसं आणि मोजक्या बॅगा. आई-बाबांना विचारून वजन लिहू नका, काट्यावर उभं करा, बॅगांसकट.

समुद्रावर एकच इंजिन असताना लाइफ जॅकेट अंगात हवं, मागच्या बॅगेत नाही. आठ हजार फुटांवरून इंजिन गेलं तर १७२ साधारण २० किमी तरंगत जाते, तेवढ्यात किनारा येतो का हे आधी मोजा. याच हिशोबाने फ्लोरिडाहून बहामाजचं बिमिनी मला पहिल्या परदेशी उडीसाठी सगळ्यात आवडतं, मायामीपासून ८० किमीच्या आसपास. तिकडे बरेच जण इनरीचसारखं सॅटेलाइट यंत्र जवळ ठेवतात, पण ते घेऊन परत येऊ नका, भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. आफ्रिकेत नामिबिया, बोट्स्वाना सुंदर आहे पण नामिबियाचं विंडहोक १७०० मीटरवर, तिथली हवा विरळ, उन्हात धावपट्टी जास्त लागते, तिथे इन्स्ट्रक्टर शेजारी असू द्या.

खर्चात भाड्याचाच पर्याय स्वस्त पडतो, कारण अमेरिकेत १७२ इंधनासकट तासाला दीडशे-दोनशे डॉलरला मिळते आणि पैसे उडवलेल्या तासांचेच जातात, इथून नेलंत तर जाण्या-येण्याचे तास, हँडलिंग, पार्किंग सगळं अंगावर. फक्त परतीचं तिकीट हवामानाला बांधून घेऊ नका. शेवटच्या उड्डाणानंतर दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, नाहीतर ढग खाली आलेले असताना विमान परत करायचं म्हणून माणूस निघतो आणि तिथेच अपघात होतात. आणि अमेरिकेचं ठरलं तर हॉटेलआधी एफएएचा पडताळणीचा अर्ज टाका, आपल्या मेडिकल सर्टिफिकेटची मुदत बघून, कारण त्याला दोन-तीन महिने धरलेले बरे.