मुंबईच्या काळा घोडा भागात तीनच तास आहेत: जहांगीर की एनजीएमए?

जहांगीर आर्ट गॅलरी आणि एनजीएमए म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय या दोघांमध्ये फक्त महात्मा गांधी रस्ता आहे. सीएसएमटी किंवा चर्चगेटहून पंधरा-वीस मिनिटांत चालत पोचता येतं. तरी बाहेरगावचे बरेच जण जहांगीर बघून समोरच्या घुमटाच्या इमारतीकडे न वळताच परततात. तिकिटामुळे थबकत असाल तर थबकू नका. भारतीयांना ते 20 रुपये आहे, 18 वर्षांखालच्या मुलांना फुकट. सोबत परदेशी पाहुणे असतील तर मात्र त्यांना माणशी 500 पडतात. जहांगीरला कुणालाच तिकीट नाही.

खरा फरक आत आहे. 1952 पासून चालू असलेल्या जहांगीरमध्ये भिंती आठवड्याला बदलतात. प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार चालतात आणि चित्रकार बहुतेकदा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला विचारा, हा रंग कसा चढवला, हे गाव कुठलं. मला तर हीच जहांगीरची सर्वात मोठी श्रीमंती वाटते. चित्राखाली लाल ठिपका दिसला तर ते विकलं गेलंय. घ्यायचं नसलं तरी संकोच करू नका. निघताना अभिप्राय वहीत दोन ओळी लिहा, सोलापूर-सांगलीहून चित्रं घेऊन आलेल्या मुलाला त्याचं मोल फार असतं. दर्जा मात्र दालनागणिक बदलतो, हे मनात धरून जा.

एनजीएमएत चित्रकार भेटत नाही, पण त्याचं आयुष्यभराचं काम एकत्र भेटू शकतं. 2019 मध्ये प्रभाकर बरवे यांचं मोठं प्रदर्शन इथेच झालं होतं. इमारत 1911 ची, कावसजी जहांगीर हॉल. पूर्वी इथे सभा, मुष्टियुद्धाचे सामने, लग्नाचे स्वागतसमारंभही होत. 1996 मध्ये तिचं संग्रहालय झालं. अर्धगोल दालनं एकावर एक चढत घुमटाखाली जातात, त्यामुळे घरचे वयस्कर सोबत असतील तर जिन्यांचा विचार आधी करा.

एनजीएमए सोमवारी बंद असतं. एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावेपर्यंतही दालनं बंद राहतात, म्हणून निघण्याआधी काय चालू आहे ते बघाच. जहांगीर सकाळी 11 ते संध्याकाळी 7.

जहांगीरच्या मागच्या वस्तुसंग्रहालयाचा मोह होईल. त्याचं तिकीट शंभराच्या वर आहे आणि लघुचित्रं नीट बघायची तर अर्धा दिवस हवा. तीन तासांत ते कोंबू नका.

चित्रकला शिकणारं मूल सोबत असेल तर आधी जहांगीर, तिथे त्याला चित्रकाराशी बोलता येईल. एकटे असाल आणि एनजीएमएत एखाद्या मोठ्या चित्रकाराचं प्रदर्शन लागलेलं असेल तर आधी तिथे जा, दोन तास द्या. जहांगीर एनजीएमएपेक्षा एक तास उशिरापर्यंत उघडं असतं, परतताना होईल.