वर्डप्रेस मल्टीसाइट: दोन वर्षं वापरल्यानंतर

मल्टीसाइट म्हणजे वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या एकाच इन्स्टॉलेशनवर अनेक साइट चालवायची सोय. मी तिच्याकडे कसा आलो ते आधी सांगतो. आधी माझ्या तीन साइट होत्या: चावीची घड्याळं, फाउंटन पेन आणि कुंडीतली झाडं. तीन होस्टिंग खाती, तीन बॅकअप, आणि एक प्लगिन (साइटला जास्तीची सोय जोडणारा छोटा प्रोग्राम) अपडेट करायचं तर तीन ठिकाणी लॉगिन. शेवटी वैतागून सगळं एका मोठ्या साइटवर आणलं आणि तीन विभाग पाडले.

काम हलकं झालं, पण वाचक गोंधळले. घड्याळातल्या पॅलेट फोर्क या बारीक भागाच्या आसाच्या टोकांना तेल का देत नाहीत, हा लेख वाचून एकाने मेलसाठी नाव नोंदवलं. पुढच्या आठवड्यात त्याला माझं जे मेल गेलं, ते गुलाबावरचा मावा कसा घालवायचा याचं. त्याने दोन ओळींचं उत्तर पाठवलं: "मी घड्याळांसाठी आलो होतो. माझं नाव काढा." मला ते फार लागलं, कारण तो बरोबर होता.

मग मी आकडेवारी उघडून एकच गोष्ट पाहिली: एका विभागातला माणूस दुसऱ्या विभागात जातो का? पेनवाले घड्याळांकडे सर्रास जात होते. भिंग डोळ्याला लावून बारीक काम करायची आवड दोन्हीकडे सारखीच. झाडांकडून घड्याळांकडे मात्र जवळजवळ कोणीच नाही. साइट एक असावी की अनेक, हे मी विषय मोजून ठरवत होतो. मोजायला हवे होते वाचक. साइट अशी फोडणं मोठ्या कंपन्यांनाही करावं लागलं आहे. अबाउट डॉट कॉमवर जगातले सगळे विषय होते. २०१६-१७ मध्ये ती फोडून आरोग्यासाठी व्हेरीवेल, घरासाठी द स्प्रूस अशा वेगळ्या साइट काढल्या.

म्हणून पेन आणि घड्याळं एकत्र ठेवली, झाडं वेगळी केली, आणि दोन्ही साइट मल्टीसाइटवर चढवल्या. ही सोय २०१० मध्ये, ३.० आवृत्तीपासून मूळ वर्डप्रेसमध्ये आली. वेगळे पैसे पडत नाहीत. इन्स्टॉलेशन एकच, पण प्रत्येक साइटला स्वतःचं डोमेन, स्वतःची थीम, स्वतःचे लेख. वाचकाला दोन वेगळी घरं दिसतात, मी मात्र एकाच दारातून आत जातो. अपडेट एकदाच. प्लगिन एकदा टाकायचं आणि हव्या त्या साइटवरच चालू करायचं. रोजच्या वापरात याहून सुखाचं काही मला मिळालेलं नाही.

पण छप्पर एक म्हणजे गळतीही एकच. एका प्लगिनच्या अपडेटनंतर दोन्ही साइट एकदम पांढऱ्या पडल्या. वेगळ्या असत्या तर एक तरी उभी राहिली असती. तेव्हापासून अपडेट आधी चाचणीच्या प्रतीवर करतो, मगच खऱ्या साइटवर.

पत्ते बदलताना प्रत्येक जुन्या लेखाचं ३०१ रीडायरेक्ट (जुनी लिंक उघडली की वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सोय) त्याच विषयाच्या नव्या पानावर लावा, सरसकट मुखपृष्ठावर नको. गूगल ते किमान वर्षभर ठेवायला सांगतं. मी कायमचे ठेवलेत. लोकांनी वर्षांपूर्वी जपून ठेवलेल्या लिंक अजून उघडल्या जातात.

ज्यांना पुढे एखादी साइट विकायची किंवा कोणाला सोपवायची आहे, त्यांनी मात्र मल्टीसाइट घेऊ नये. झाडांची साइट मी आता एका मैत्रिणीकडे देतोय, तिचा त्यातला हात माझ्यापेक्षा चांगला आहे. लेख निघाले, पण सदस्यांची यादी दोन्ही साइटची एकच असल्याने नावं एकेक करून वेगळी काढावी लागली. फोटो 'अपलोड्स'च्या आत 'साइट्स' नावाच्या फोल्डरमध्ये क्रमांकाखाली असतात, त्यामुळे नव्या जागी प्रत्येक फोटोचा पत्ता बदलतो. एकेका लेखातले ते पत्ते दुरुस्त करत जास्वंदीच्या लेखापर्यंत आलोय, अजून निम्मे लेख बाकी आहेत.