लॅपटॉपचा हॉटस्पॉट, मोबाईलचा हॉटस्पॉट की सरळ राऊटर?

नाशिकला गंगापूर रोडला नाहीतर अमृतधामकडे रूम करून राहणाऱ्या पोरांचं चित्र साधारण सारखंच, रूममालक एक लॅन केबल देतो, ती एकाच्या लॅपटॉपला लागते आणि बाकीचे आपापल्या डेटावर रडतात. मग कोणीतरी म्हणतं लॅपटॉपवरून हॉटस्पॉट लाव ना (म्हणजे त्याचं नेट वायफायने बाकीच्यांना वाटायचं), दुसरा म्हणतो राऊटरच घेऊ.

आधी बघा नेट तुमच्यापर्यंत येतं कसं. केबलने येत असेल तर लॅपटॉपचा हॉटस्पॉट मस्त चालतो, कारण नेट केबलमधून आत येतं आणि वायफाय कार्ड नुसतं वाटायला मोकळं राहतं. पण वायफायवरच घेऊन वायफायवरच वाटलं की ते एकच कार्ड दोन्हीकडे धावतं आणि स्पीड बऱ्याचदा निम्म्यावर येतो. डेस्कटॉपला तर वायफायच नसतं बऱ्याचदा, त्याला यूएसबीत खोचायचा छोटा वायफाय डोंगल लागतो, काही शे रुपयांत येतो.

विंडोज १० ला २०१६ च्या अपडेटपासून सेटिंग्जमध्येच मोबाईल हॉटस्पॉटचं बटण आहे, त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर टाकायची गरज नाही (फुकटवाली तर टाकूच नका). एकावेळी ८ डिव्हाइस चालतात, पासवर्ड कमीत कमी ८ अक्षरांचा. विंडोज ७ वाल्यांना कमांड मारून करावं लागायचं.

खरी कटकट दुसरीच आहे. लॅपटॉप स्लीपला गेला की सगळ्यांचं नेट गेलं! झाकण बंद केल्यावर काहीच करू नको अशी सेटिंग करता येते, आणि कोणी जोडलेलं नसताना हॉटस्पॉट आपोआप बंद होतो तो पॉवर सेव्हिंगचा ऑप्शनही बंद करता येतो, पण ज्याचा लॅपटॉप आहे तो सुट्टीत गावाला निघाला की बाकीच्यांनी काय करायचं? लॅपटॉप घेऊन तो सटाण्याला, आणि इकडे सबमिशन.

एक फायदा मात्र आहे. काही हॉस्टेलात लॉगिनवर एकच डिव्हाइस चालतं, तिथे लॅपटॉपमागचे सगळे फोन बाहेरच्या नेटवर्कला एकच मशीन म्हणून दिसतात. अर्थात मालकाला विचारूनच करा, कारण त्या लॉगिनवरून जे होईल त्याचा जाब तुम्हालाच विचारणार.

मोबाईलचा हॉटस्पॉट म्हणजे अडीअडचणीचा. लाइट गेली, मालकाचा राऊटर बंद पडला, तर तोच कामाला येतो. पण फोन तापतो, बॅटरी उतरते आणि रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर लॅपटॉपचं विंडोज अपडेट एका बसणीत तो संपवून टाकतं, म्हणून लॅपटॉपमध्ये ते कनेक्शन मीटर्ड (मोजक्या डेटाचं) करून ठेवा. फोन आणि लॅपटॉप शेजारीच असतील तर यूएसबी केबल लावून टेदरिंग (केबलमधून फोनचं नेट लॅपटॉपला देणं) केलेलं बरं, फोन चार्जही होत राहतो.

माझं मत विचाराल तर दोघं असाल आणि केबल असेल तर लॅपटॉपचा हॉटस्पॉट पुरे, उगाच खर्च नको. तीन-चार जण असाल, किंवा घरी टीव्ही जोडायचा असेल, तर हजार-दीड हजाराचा राऊटर वर्गणी काढून घ्या, चौघांत वाटला तर मिसळ-पावाच्या दोन-तीन बैठकींचा खर्च, आणि कोणाच्या लॅपटॉपवर अवलंबून राहणं नाही. राऊटरला छोटा यूपीएसही मिळतो, पण मालकाकडची लाइनच लाइट गेल्यावर बंद पडत असेल तर त्याचा काही उपयोग नाही, ते आधी विचारून घ्या.

आणि राऊटर आणलाच तर मालकाची केबल वॅन (WAN, बाहेरून येणाऱ्या नेटसाठीचं) लिहिलेल्या पोर्टातच घाला. चुकून लॅन (LAN, आतल्या डिव्हाइससाठीच्या) पोर्टात घातलीत तर तुमचा राऊटर अख्ख्या बिल्डिंगला आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) वाटत सुटेल, खालच्या मजल्यावरच्यांचं नेट बंद पडेल आणि मग मालक वर येईल.