पिधान टिपायला कोणता संच: वेळ छापणारा ॲनालॉग की लॅपटॉपच्या घड्याळावरचा डिजिटल?

पावसाळा ओसरून आकाश मोकळं झालं की दरवर्षी दोन-तीन जण तरी मला हा प्रश्न विचारतात. दुर्बीण आहे, ग्रह आणि तारकागुच्छ पाहून झालेत, आता लघुग्रहांची पिधानं नोंदवायची आहेत (लघुग्रह एखाद्या ताऱ्यासमोरून जाताना तारा काही क्षण झाकला जातो, ते पिधान); तर कॅमेरा कोणता घेऊ? मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. आधी तीन हंगाम डिजिटल सीमॉस कॅमेरा आणि लॅपटॉप, मग ॲनालॉग व्हिडिओ कॅमेरा आणि त्याला जोडलेला जीपीएसवरून वेळ छापणारा डबा. दोन्ही संच आजही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही चालतात. त्यामुळं एकाला वाईट ठरवायचं कारण नाही. पण गाडीत आधी कोणता ठेवतो, ते पुढं कळेलच.

सुरुवात भाकितापासून करतो, कारण कॅमेऱ्याचा निर्णय तिथंच अर्धा होतो. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गैया उपग्रहाच्या याद्या येण्याआधी ताऱ्याची आणि लघुग्रहाची, दोघांचीही जागा इतकी ढोबळ असायची की छायामार्ग, म्हणजे लघुग्रहाची सावली जमिनीवरून जाते तो पट्टा, त्याच्या स्वतःच्या रुंदीइतका सहज सरकायचा. रात्रभर जागून तारा जसाच्या तसा चमकत राहिला, तरी ती नोंद कामाची होती. २०१८ मध्ये गैयाची दुसरी यादी आली, २०२२ मध्ये तिसरी. आता मुख्य पट्ट्यातल्या ज्या लघुग्रहांची कक्षा नीट माहीत आहे, त्यांच्या बाबतीत मार्गाची अनिश्चितता रुंदीच्या थोड्याशा भागावर आली आहे. डेव्ह हेराल्ड यांचं ऑकल्ट किंवा ह्रिस्तो पावलोव्ह यांचं ऑकल्टवॉचर हे भाकितं देणारं सॉफ्टवेअर उघडा, आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश द्या. सावली साधारण तिथंच पडते आणि बहुतेक वेळा सांगितलेल्या वेळेच्या आसपासच पडते. (नवीन माणसाची पहिली चूक इथं होते. भाकितात वेळ जागतिक असते. १९:४७ म्हणजे आपल्याकडं रात्रीचा १:१७, आणि तारीख पुढची. कॅलेंडरवर खूण करताना दोनदा पाहा.)

याचा अर्थ असा की भाकीत आता बऱ्यापैकी पक्कं आहे. कच्ची बाजू राहिली ती आपली. तारा नेमका किती वाजून किती सेकंदांनी गेला आणि किती सेकंदांनी परत आला, हे आपण किती खरं सांगू शकतो, यावर आपल्या नोंदीचं मोल ठरतं.

डिजिटलची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यात खरोखर दम आहे. माझ्या आठ इंची दुर्बिणीवर मला डिजिटलनं ॲनालॉगपेक्षा जवळपास एक प्रत (तेजाची पायरी; आकडा मोठा तितका तारा मंद) मंद तारे सुखानं टिपता आले. बारा बिटांची खोली, म्हणजे प्रकाशाच्या जास्त पायऱ्या, असल्यानं प्रकाशाच्या आलेखातला उथळ खड्डाही दिसतो. लघुग्रह ताऱ्यापेक्षा बराच तेजस्वी असला की तारा झाकल्यावर एकूण प्रकाश फारसा पडत नाही. आठ बिटांच्या व्हिडिओत असा खड्डा गोंगाटात विरून जातो, डिजिटलच्या आलेखात तो डोळ्यांनी ओळखता येतो. फोकस करणं, क्षेत्र जुळवणं, ताऱ्याभोवतीचा छोटा चौकोन तेवढा नोंदवणं, हे सगळं शार्पकॅप या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसल्या जागी होतं. शिवाय हाच कॅमेरा उद्या गुरू-शनीला लावता येतो. घरच्या गच्चीवरून, चांगल्या ब्रॉडबँडवर काम करणार असाल, तर डिजिटल घ्या असं मी मोकळ्या मनानं म्हणेन.

पण पिधान घरी येत नाही. चाळीस किलोमीटर रुंदीची सावली आपल्या गच्चीवरून जाण्याची वाट पाहिली तर वर्षाला एखादंच मिळेल. आपल्या भागात निरीक्षकही मोजके. त्यामुळं जायला लागतं, आणि गेलं की मोबाइलचं नेटवर्क एका दांडीवर येतं.

फेब्रुवारीतली एक रात्र सांगतो. सुमारे चाळीस किलोमीटर व्यासाचा लघुग्रह, साडेदहाव्या प्रतीचा तारा, सावलीचा वेग सेकंदाला तेरा किलोमीटरच्या आसपास. मी इंदापूरच्या पुढं, उजनीच्या फुगवट्याजवळ एका ओळखीच्या शेतात होतो. मित्र मार्गाच्या आडव्या दिशेनं बारा किलोमीटरवर, बारामतीच्या बाजूला. त्याच्याकडं ॲनालॉग संच, माझ्याकडं डिजिटल. थंडी होती, शेतीपंपाची वीज रात्रीची असल्यानं मोटरीचा आवाज चालू होता, आणि दुर्बिणीच्या काचेवर दव येऊ नये म्हणून मी दवपट्टा लावून बसलो होतो. तारा गेला. पडद्यावर तो ठिपका एकदम विझला आणि मोजून अडीच सेकंदांत परत पेटला. तो क्षण पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. मी पाहिलाही, तिथंच, पहाटे दोन वाजता.

घरी आल्यावर पायमूव्ही या सॉफ्टवेअरमधून ताऱ्याचा प्रकाशआलेख काढला. सुंदर, तळ सपाट, कडा उभ्या. पिधान २.४ सेकंदांचं, म्हणजे एकतीस किलोमीटरची जीवा (माझ्या ठिकाणावरून मिळालेला लघुग्रहाचा आडवा छेद). मग मित्राची जीवा शेजारी ठेवली आणि दोन्ही लघुग्रहाच्या आकाराच्या कुठल्याच लंबवर्तुळात बसेनात. माझी जीवा जवळपास आठ किलोमीटर पुढं सरकलेली. आठ किलोमीटर म्हणजे ०.६ सेकंद.

माझ्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमवर वेळ होती, सेकंदाच्या सात दशांश स्थळांपर्यंत. सात! आणि पहिलंच स्थळ चुकलेलं. मला खरा त्रास झाला तो याचा. चूक झाली म्हणून नव्हे; चूक झाल्याची एकही खूण त्या फाइलमध्ये नव्हती म्हणून. मित्र दुसरीकडं नसता, तर मी ती वेळ ठामपणे पाठवून दिली असती.

घडलं ते असं. लॅपटॉपचं घड्याळ एनटीपीवरून जुळत होतं, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरला वेळ विचारून. प्रश्न जायला आणि उत्तर यायला सारखाच वेळ लागला, असं ही पद्धत गृहीत धरते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, त्यातही कमकुवत सिग्नलवर, ते गृहीतक टिकत नाही. जाण्या-येण्यात जेवढा फरक, त्याच्या निम्मी चूक घड्याळात उतरते. मध्येच नेटवर्क गेलं की घड्याळ आपल्या मनानं वाहत जातं. त्यावर आणखी एक गोष्ट: फ्रेमवरची वेळ ही बहुतेक वेळा ती फ्रेम यूएसबीमधून संगणकात पोचली तेव्हाची असते. शटर उघडलं तेव्हाची नसते.

पुढचे दोन महिने मी गच्चीवर एक साधी चाचणी केली. जीपीएस मॉड्यूल दर सेकंदाच्या ठोक्याला एक एलईडी लुकलुकवतं. तो दुर्बिणीच्या तोंडासमोर धरायचा आणि कॅमेऱ्यानं लुकलुक कधीची नोंदवली ते पाहायचं. ब्रॉडबँडवर फरक सेकंदाच्या काही शतांशांत राहिला, तक्रार नाही. हॉटस्पॉटवर एका रात्री दहावा हिस्सा, दुसऱ्या रात्री अर्ध्या सेकंदाच्या वर. रोज तेवढीच चूक असती तर वजा करून टाकता आली असती. तशी ती नव्हती. माझ्या लॅपटॉपचा आणि माझ्या भागातल्या नेटवर्कचा हा दोष असू शकतो. तुमच्याकडं कदाचित बरं चालेल. पण शेतात बसल्यावर ते बरं चाललंय की नाही, हे कळायला मार्ग नसतो.

एवढ्यानं काय बिघडतं, असं वाटू शकतं. तो लघुग्रह पृथ्वीपासून दीड खगोलीय एककावर (पृथ्वी-सूर्य अंतराच्या दीडपट) धरला, तर आठ किलोमीटर म्हणजे आकाशात सुमारे सात मिली आर्कसेकंद (अंशाच्या ३६०० व्या भागाचा हजारावा हिस्सा म्हणजे एक मिली आर्कसेकंद). गैयामुळं पिधानातून लघुग्रहाची जागा एखाद-दोन मिली आर्कसेकंदांत सांगता येते. आपण जागून, थंडीत कुडकुडून नोंद करतो ती त्यासाठीच. घड्याळ चुकलं की लघुग्रहाची लांबी हातात राहते, जागा निसटते.

आता ॲनालॉग. वॅटेक ९१०एचएक्ससारखा कॅमेरा, मध्ये आयोटा-व्हीटीआयसारखा डबा, पुढं व्हिडिओ पकडणारा यूएसबी डोंगल. डबा जीपीएसवरून वेळ घेतो आणि चित्रातच, खालच्या कडेला, प्रत्येक फील्डवर, म्हणजे अर्ध्या फ्रेमवर, छापतो. पाल या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला पन्नास फील्ड, म्हणजे दर वीस मिलिसेकंदांनी एक वेळ. संगणकाला वेळेबद्दल काही विचारावंच लागत नाही. नेटवर्क नसलेल्या डोंगरात बसा, काही फरक पडत नाही. कॅमेरा आणि डबा दोन्ही यूपीएसच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर रात्रभर चालतात.

याच्या कटकटी आहेत, आणि त्या लपवणार नाही. डोंगल स्वस्तातला असेल तर फ्रेम गाळतो. चित्र आठ बिटांचं. ऑटो गेन बंद आणि गॅमा १ वर आहे ना, हे मेनूमधल्या इवल्याशा बटणांनी तपासावं लागतं. मंद ताऱ्यासाठी कॅमेऱ्यातच फ्रेम साठवायला लावल्या, तर छापलेल्या वेळेतून त्या साठवणीचा उशीर वजा करावा लागतो. कॅमेऱ्यागणिक त्याची कोष्टकं निरीक्षकांनी मोजून ठेवली आहेत. नवे ॲनालॉग कॅमेरे बाजारात कमी होत चाललेत, हेही खरं.

पण यातली प्रत्येक कटकट समोर दिसते. डोंगलनं फ्रेम गाळली तर छापलेले आकडे उडी मारतात: .१२ नंतर .१६ यायला हवं तिथं एकदम .२० येतं. टांग्रा किंवा पायमूव्हीमध्ये फ्रेम पुढं सरकवताना ते डोळ्यांना खटकतंच. जीपीएसचा संपर्क तुटला तरी डबा ते पडद्यावरच सांगतो. माझ्यासाठी पारडं इथं झुकलं.

एक सावधगिरी मात्र ॲनालॉगवाल्यानं घ्यायलाच हवी. जीपीएसची स्वतःची वेळ जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढं आहे. हा फरक किती, ते उपग्रहांच्या संदेशातूनच कळतं, आणि तो पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. डबा बराच काळ बंद असेल आणि तुम्ही पिधानाच्या पाच मिनिटं आधी चालू केलात, तर सेकंदच चुकीचा छापला जाऊ शकतो. मी घटनेच्या अर्धा तास आधी चालू करतो, मगच थर्मासमधला चहा काढतो.

तिसरी वाट आहे ती पैसेवाल्यांची: क्यूएचवाय१७४ जीपीएससारखा, आतच जीपीएस असलेला डिजिटल कॅमेरा. २०१७ मध्ये आरोकोथ या दूरच्या लहान पिंडाची सावली पकडायला अर्जेंटिनात गेलेल्या पथकांनी याच जातीचे कॅमेरे नेले होते. डिजिटलची खोली आणि जीपीएसची वेळ दोन्ही मिळतात. परवडत असेल तर हा लेख इथंच सोडा आणि तो घ्या. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना, मलाही, तो परवडत नाही.

वेळेचा एवढा आग्रह का, याचं एक जुनं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १० मार्च १९७७ च्या रात्री युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तमिळनाडूतल्या कवलूरला जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी एक मीटरची दुर्बीण रोखली होती. ग्रहाची कड यायला अवकाश असतानाच तारा क्षणभर मंदावला. तसेच खड्डे विमानातल्या दुर्बिणीनं आणि इतर ठिकाणच्या निरीक्षकांनीही नोंदवले होते, आणि ते एकमेकांशी ताडून युरेनसला कडी असल्याचं सिद्ध झालं. नोंदी ताडता आल्या, कारण प्रत्येक खड्ड्याला भरवशाची वेळ होती. आपल्या एखाद्या आलेखात मुख्य खड्ड्याच्या आधी छोटासा खड्डा दिसला, तर तो लघुग्रहाचा उपग्रह की उडता ढग, हे शेजारच्या निरीक्षकाच्या वेळेशी जुळवूनच ठरणार.

म्हणून, ज्यांना गावोगाव जाऊन पिधानं टिपायची आहेत आणि बजेट मर्यादित आहे, त्यांनी मिळत असेल तर ॲनालॉग संच घ्यावा, असं माझं मत. डिजिटल आधीच घेतला असेल तर विकू नका. दर नोंदीच्या आधी आणि नंतर जीपीएस एलईडीची लुकलुक त्याच फाइलमध्ये नोंदवा. मी मंद ताऱ्यांसाठी आजही तेच करतो. दोन टोकांना वेळेच्या खुणा असल्या की मधलं घड्याळ कितीही वाहिलं तरी बरंचसं सावरता येतं. फक्त त्या रात्री, बोटं गारठलेली असताना, तारा दिसेनासा व्हायच्या घाईत, ती लुकलुक विसरायची नाही. मी दोनदा विसरलो आहे.

जुना संच कुणाकडून घेणार असाल, तर डबा घरात नको, उघड्यावर लावून पाहा. अँटेना छताखाली ठेवून 'चालतोय' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, कोणतीही दोनशे फ्रेम एकेक करून पुढं सरकवा आणि आकडे कुठं उडी मारतात का ते पाहा. मारत असतील तर आधी डोंगल बदलून बघा. कॅमेरा बहुधा ठीकच असतो.