पर्वतीच्या पायऱ्या की सिंहगडाची वाट?

दम वाढवण्यासाठी रोज पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्या धावत चढाव्यात की रविवारी सिंहगड गाठावा, असा भाच्याचा प्रश्न आहे. पायऱ्यांवर पहिले सुमारे 10 सेकंद स्नायूंमधील एटीपी (पेशींना थेट ऊर्जा पुरवणारे रेणू) आणि ते झटपट पुन्हा तयार करणारे क्रिएटिन फॉस्फेट यांवर निभावते. पुढे ग्लुकोज प्रामुख्याने ऑक्सिजनविना वापरले जाते, ज्यात एका रेणूमागे जेमतेम 2 एटीपी हाती लागतात, आणि साचत जाणाऱ्या फॉस्फेट व हायड्रोजन आयनांमुळे मांड्या भरून येतात. हा थकवा मात्र काही मिनिटांत बराचसा ओसरतो. गडाच्या संथ चढणीवर ग्लुकोजचा तोच रेणू ऑक्सिजनच्या साह्याने सुमारे 30 एटीपी देतो आणि चरबीही कामी येते. ग्लायकोजेन (शरीरात साठवलेले ग्लुकोज) घटल्याचा थकवा उशिरा जाणवतो, पण साठा भरायला दिवसही लागू शकतो. (दुसऱ्या दिवशीची पायदुखी मुख्यतः उतरणीची, लॅक्टिक आम्लाची नव्हे.) वेळ थोडा आणि गुडघे धड असतील, तर पर्वती, लांबच्या ट्रेकची तयारी करायची असेल, तर सिंहगड.